तीन इंच, जास्ती नको

नवीन माणूस घरात आला की आमचे आजोबा त्याला बसायला सांगण्याआधी त्याच्या छातीखाली उजव्या हाताचा अंगठा टेकवायचे. दोन्हीकडच्या बरगड्या जिथे वळून वेगळ्या होतात, त्या मऊ जागेवर. अंगठा किंचित दाबायचे, समाधानाने मान हलवायचे आणि म्हणायचे, "हंयसून. तीन इंच. जास्ती नको."

हंयसून, म्हणजे इथून. पाहुण्याला वाटायचं, म्हातारा वैदू असणार. पित्त-बित्त बघत असेल. खरं काय ते आम्हाला माहीत होतं आणि आम्ही ते पाहुण्याला सांगत नसू. बंदुकीच्या टोकाला लावलेली संगीन माणसाच्या पोटात कुठून घालायची, ती जागा आजोबा तपासून बघत. तीन इंच आत गेली की माणूस खाली बसतो. जास्त गेली तर अडकते, मग ती ओढून काढावी लागते आणि तेवढ्यात दुसरा येऊन तुमचं काम करून टाकतो. हे सगळं त्यांना पलटणीत शिकवलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली तरी ते त्यांच्या अंगठ्यातून गेलं नव्हतं.

माझ्या ताईला बघायला डोंबिवलीहून मंडळी आली तेव्हा आईने आजोबांना सकाळपासून बजावून ठेवलं होतं. आजोबा शहाण्यासारखे कोपऱ्यात बसलेही. पण मुलगा निघताना पाया पडायला वाकला, उठला, आणि उठता उठता त्यांचा अंगठा बरोबर जागेवर गेला. "हंयसून," आजोबा म्हणाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय बघतायत?" आई पटकन म्हणाली, "पोट भरलं का ते बघतात. आमच्यात पद्धत आहे." लग्न जमलं. आमचे भावोजी आजही आमच्या घरात शिरताना एक हात पोटावर ठेवतात.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहायचो, डोंगराच्या पोटात. पायऱ्या पायऱ्यांची वस्ती, पत्र्याच्या आणि कौलांच्या खोल्या, आणि सगळ्यात खाली एक नळ. वस्तीत बहुतेक आमच्यासारखेच, मालवण-कणकवलीकडचे. असा एखादा जुना लष्करी म्हातारा तुमच्याही आळीत असेल, मिशीला पीळ देऊन पोरासोरांना लेफ्ट-राइट करायला लावणारा. आमच्या आजोबांना मिशी नव्हती आणि ते ताठ चालतही नसत. वस्ती त्यांना सुभेदार म्हणायची. खरं तर ते नाईक, म्हणजे बऱ्याच खालच्या हुद्द्यावरून सुटले होते, पण दुरुस्त कोण करणार? त्यांनीही कधी केलं नाही.

सोळाव्या वर्षी ते वय वाढवून सांगून पलटणीत भरती झाले आणि काही वर्षांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. इटली म्हणजे काय, असं मी लहानपणी विचारलं होतं. "चिखल," ते म्हणाले. "आणि द्राक्षां."

लढाईच्या गोष्टी ते जेवताना सांगायचे, तेही हसून. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं पानात पडलं की त्यांना हटकून सुरुंग आठवायचे. जमिनीत पुरलेला सुरुंग शोधायचा तर पोटावर झोपून संगीन तिरकी खुपसत जायचं, सरळ नाही. सरळ खुपसली की संपलं. त्यांच्यापुढे दोन हातांवर एक जण असाच खुपसत चालला होता. त्याने सरळ खुपसली. "पाय बुटांसकट पलीकडे पडले. आणि तो माका सांगता, माझे बूट दी रे, पाय थंड पडले." एवढं सांगून आजोबा एक शिंपली उघडायचे आणि चोखायचे.

"मामंजी, पोरं जेवतायत," आई म्हणायची.

"जेवांदेत. थंय आमी पण जेवतच होतो."

आणि आम्ही खरंच जेवायचो. सवयीने काय काय पचतं ते आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. आतडी बाहेर आलेलं खेचर, पाण्याच्या टाकीत सापडलेली तीन प्रेतं, गळ्यातून आरपार गेलेली गोळी आणि तरी अर्धा तास विडी ओढत बसलेला हवालदार. हे सगळं आमच्या भातावर कालवलेलं असायचं.

मी वीस वर्षांचा असताना विक्रोळीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. त्याच सुमारास एकदा स्टेशनजवळ दोघा-तिघांशी बाचाबाची झाली आणि मी ओठ फुटून घरी आलो. मी मूळचाच तापट. आजोबांनी माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं. "मार खाऊन येतंस? मारूक तरी शिक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला डोंगरावर घेऊन गेले. एका काजूच्या झाडाला त्यांनी सुकं गवत भरलेलं पोतं टांगलं आणि माझ्या हातात बांबू दिला. मग दोन वर्षं, कामाची पाळी दुपारची असली की सकाळी तेच. "हाण!" की बांबू पोत्यात. "काढ!" की बाहेर. "फुडे!" की एक पाऊल पुढे आणि पुन्हा हाण. ते ओरडायला लागले की आवाज खालच्या नळापर्यंत जायचा. विचार करायचा नाही, हुकूम आला की हात गेला पाहिजे, असं ते सांगायचे. माझा हात जायला लागला. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो. मित्रांत मी छाती काढून चालायचो.

एकदा गंमत म्हणून मी त्या पोत्यावर कोळशाने तोंड काढलं. दोन डोळे, नाक, मिशा. आजोबा आले, त्यांनी ते बघितलं आणि माझ्या कानाखाली अशी लगावली की मी गुडघ्यावर बसलो. कान दिवसभर वाजत होता. त्यांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने ते तोंड घासून घासून पुसलं. सोगा काळा झाला तरी पुसतच राहिले.

"पोत्याक तोंड नसता," ते म्हणाले. "परत काडू नको."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय.

आजोबांची आणखी एक गोष्ट वस्तीला विचित्र वाटायची. आमच्याकडे वर्षातून एकदा राखण देतात. गावच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, म्हणजे तो वर्षभर घरादाराची राखण करतो. गावी जाणं सगळ्यांना परवडत नसे, म्हणून वस्तीने डोंगरावरच एका चिंचेखाली दगडाला शेंदूर लावून राखणदार बसवला होता. तिथे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणं सांगायचं, ते काम आजोबांचं. दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंची जी काय इडापिडा आसात, ती भायरच्या भायर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अशी सगळी मागणी मागून झाली की शेवटी त्यांचं स्वतःचं एक वाक्य असायचं. आवाज उतरायचा. "आणि जो कोण पोरगो परमुलखात पडलो आसा, तेका तेच्या घरची वाट दाखय, म्हाराजा." सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" आम्हाला वाटायचं, पलटणीतला कुणी गाववाला तिकडे मेला असेल, त्याच्यासाठी म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्या तर त्या वाक्याला डोळ्याला पदर लावायच्या.

गाऱ्हाणं संपलं की कोंबडा कापायचा. आणि इथे सुभेदार पाठ फिरवायचे. कोयता माझ्या वडिलांच्या हातात द्यायचे आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहायचे. ज्याने माणसं मारली त्याला कोंबडं कापवत नाही, यावर वस्तीत भरपूर विनोद झाले. मीही केलेत.

आता नळाचं सांगतो. त्या एका नळावर सत्तर-ऐंशी खोल्यांचं पाणी. सकाळी तासभर यायचं. डोंगराची जागा बळकावू पाहणारा एक जण होता, त्याने वस्तीतल्याच काही पोरांना हाताशी धरलं. त्यांचा म्होरक्या सुऱ्या. सुऱ्या माझ्याच शाळेतला, माझ्याच बाकावरचा. त्यांनी एक दिवस नळाला लोखंडी पेटी बसवून कुलूप ठोकलं. जे त्यांच्या बाजूने खोल्या सोडायला तयार होते, त्यांना आधी पाणी. बाकीच्यांनी उरलंसुरलं घ्यायचं.

आठ दिवस वस्ती गप्प बसली. नवव्या दिवशी सकाळी माझे वडील हातोडा घेऊन खाली उतरले. वडील अबोल माणूस, गिरणीत साचे सांभाळून आयुष्य गेलेलं. त्यांनी कुलूप तोडलं आणि बायकांना म्हणाले, "भरा." दोन हंडे भरले असतील-नसतील, सुऱ्या आणि त्याचे दोघे आले. सुऱ्याच्या हातात सायकलची चेन होती.

मी कामावर होतो. मला हे नंतर कळलं, वेगवेगळ्यांच्या तोंडून, पण सगळ्यांनी एकच सांगितलं. पहिली चेन कानावर बसली आणि कानाची पाळी लोंबली. वडील खाली पडल्यावर त्यांनी वडिलांचाच हातोडा उचलला आणि जबड्यावर मारला. एकदा नाही, तीनदा. नळ चालूच होता. पाणी लाल होऊन पायऱ्यांच्या कडेच्या गटारात जात होतं आणि बायका हंडे घेऊन उभ्या होत्या.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वडिलांचं तोंड ओळखू येत नव्हतं. खालचे दात एका कागदाच्या पुडीत आईच्या हातात होते. डॉक्टरने सांगितलं, जबडा तारांनी बांधू, पण बोलणं पहिल्यासारखं होणार नाही. वडिलांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणण्याचा प्रयत्न केला आणि तोंडातून फक्त फेस आला. माझ्या डोक्यात त्याच क्षणी ठरलं. मी सुऱ्याला मारणार होतो. धमकावणार नव्हतो, हातपाय मोडणार नव्हतो, मारून टाकणार होतो.

दुपारचे चार वाजले असतील. मी घरी आलो आणि भिंतीवरचा कोयता काढला. राखणीचाच कोयता, घरात दुसरा नव्हताच. शर्टाच्या आत पाठीला खोचला. आजोबा दारातल्या पायरीवर काठी घेऊन बसले होते. जाड बांबूची काठी, टोकाला लोखंडी वळं.

"खंय चललंस?"

"येतो."

"कोयतो ठेय."

 त्यांना ओलांडून खाली उतरलो. मागून "थांब रे मेल्या!" असा आवाज आला, पण मला थांबायचं नव्हतं.

सुऱ्या नळाजवळच्या कट्ट्यावर पत्ते पिसत बसला होता. सोबत तेच दोघे. मला बघून त्याने काहीतरी फालतू बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या हातात कोयता आलेला दिसला. सोबतचे दोघे चपला टाकून पळाले. सुऱ्याही उठला, पण नळाभोवती शेवाळ होतं. पाय सटकला आणि तो उताणा पडला. त्याने दोन्ही हात वर केले. "नको रे यार," तो म्हणाला. "चुकलं रे. नको ना."

मला ते ऐकू आलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे लोक म्हणाले की रागाच्या भरात याला काही कळत नव्हतं. सगळं कळत होतं. हात वर आहेत हे दिसत होतं, आणि माझा हात तरीही वर गेला. हुकूम झाल्यासारखा.

तेवढ्यात उजव्या बाजूने काठी आली. मनगटावर. आवाज मला आधी ऐकू आला, वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडतात तसा, आणि कळ मागून आली. कोयता दगडावर पडून खणकला. मी वळलो तर आजोबा. सत्तरीच्या घरातला माणूस शंभरेक पायऱ्या धावत उतरला होता. मी काही बोलण्याआधीच काठीचं दुसरं टोक माझ्या छातीखाली बसलं, बरोबर त्याच जागेवर. माझा श्वास बंद पडला. मी गुडघ्यावर आलो आणि तिथेच ओकलो.

मग ते सुऱ्याकडे वळले. तो उठायला बघत होता. आजोबांनी काठीचं लोखंडी टोक त्याच्या बरगड्यांखाली टेकवलं आणि त्याला परत खाली दाबलं. त्यांचा आवाज अगदी घरच्यासारखा होता. "हंयसून," ते म्हणाले. "तीन इंच. जास्ती नको."

सुऱ्याची पँट ओली झाली.

"चावी दी."

कुलूप तुटलेलंच होतं, पण सुऱ्याच्या ते लक्षातच आलं नाही. त्याने खिशातून चावी काढून दिली. आजोबांनी ती गटारात टाकली. "आता जा. तोंड धू," ते म्हणाले आणि काठी उचलली. सुऱ्या हातापायांवर रांगत गेला. सगळी वस्ती पायऱ्यांवर उभी राहून बघत होती. आजोबांनी काठी जमिनीला टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. 

पुढे ती पोरं आमच्या वाटेला का गेली नाहीत, ते मला नीट माहीत नाही. जागेवर डोळा असलेल्या माणसाला दुसरीकडे मोठी जागा मिळाली, असं म्हणतात. नळाला मात्र परत कुलूप लागलं नाही.

त्याच संध्याकाळी आजोबाच मला हॉस्पिटलात घेऊन गेले. आत वडील होते, बाहेर बाकावर मी आणि ते. मनगट सुजून नारळाएवढं झालं होतं आणि तीन बोटं हलत नव्हती. माझी बोटं म्हणजे माझी भाकरी होती, लेथवर बोटं गेली की काय राहतं? मी त्यांना शिव्या दिल्या. आजोबांना शिव्या, आमच्या घरात हे कुणी स्वप्नातही केलं नसतं. थेरड्या म्हणालो. तुम्ही घाबरट आहात म्हणालो. तुमच्या पोराचे दात पुडीत बांधलेत आणि तुम्ही माझा हात मोडलात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. यावेळी हसत नव्हते.

"थंय एक घर होता. हिवाळो होतो. दार मी लाथेन उघडलंय. आत पोरगो उभो. सतरा-अठरा वर्षांचो आसतलो. बंदूक खाली टाकलेली. दोनय हात वर."

मी त्यांच्याकडे वळलो.

"हुकूम 'हाण' होतो. मी हाणलंय." ते थांबले. "तीन इंच नाय. सगळी. भिंतीक लागासर. निघा नाय. तेच्या छातीर पाय दिलो, तरी निघा नाय. तेणां दोन्ही हातांनी माझी बंदूक धरली आणि माझ्या तोंडाकडे बघीत रवलो. लय वेळ लागलो रे झिला तेका मरूक. लय वेळ."

कुणाचं तरी रडणारं मूल आमच्या समोरून गेलं. आजोबांनी ते जाईपर्यंत वाट बघितली.

"कवायतीत हाण आसा. काढ आसा. फुडे आसा. थांब नाय." त्यांनी माझ्या सुजलेल्या मनगटाला बोट न लावता नुसता हात त्यावर धरला. "थंय माझो हात मोडूक कोण नव्हतो."

मी विचारलं, "म्हणजे गाऱ्हाण्यात ज्याच्यासाठी म्हणता, तो हाच?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

भटवाडीची सगळी वस्ती, शेजारच्या म्हाताऱ्यांसकट, पंचवीस वर्षं ज्याच्या घरच्या वाटेसाठी "व्हय म्हाराजा" म्हणत होती, तो आमच्या गावचा तर नव्हताच, तो आमच्या बाजूचाही नव्हता. आजोबांना त्याचं नाव माहीत नव्हतं. फक्त तोंड माहीत होतं.

मी अजून तापलेलाच होतो. "मग मला का शिकवलंत? दोन वर्षं पोत्यात बांबू मारायला का लावलात?"

आजोबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दुसरा काय येता माका?" ते म्हणाले.

इथे मी त्यांच्या गळ्यात पडलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. प्लास्टर निघालं आणि बोटं अर्धीच वळायला लागली. वर्कशॉपने दोन महिने वाट बघितली आणि मग दुसरा माणूस घेतला. मी एका कुरिअरवाल्याकडे पाकिटं वाटायला लागलो. जवळजवळ वर्षभर मी आजोबांशी बोललो नाही. जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. त्यांनी त्या वर्षात एकही गोष्ट सांगितली नाही. ताटात तिसऱ्या आल्या तरी गप्प राहून जेवायचे. आईला एवढी शांतता सोसवत नसे. ती मुद्दाम विचारायची, "मामंजी, त्या बूटवाल्याचं काय झालं?" ते म्हणायचे, "मेलो."

काजूच्या झाडावरचं पोतं त्यांनी स्वतः चढून काढलं. गवत झाडाखाली पसरलं, पोतं धुतलं, दारात पाय पुसायला टाकलं. मी रोज त्यावर पाय पुसायचो आणि मला माहीत होतं ते कुठलं आहे.

एक दिवस सुऱ्या पायऱ्यांवर समोरून आला. त्याच्यासोबत त्याची नवी बायको होती, हातात हिरवा चुडा. तो भिंतीला चिकटून उभा राहिला, मी पुढे जाईपर्यंत. मी पुढे गेलो. घरी आलो आणि आजोबांना म्हणालो, "चहा घेणार?" वर्षभरातले पहिले शब्द. त्यांनी विचारलं, "साखर आसा?" एवढंच. चहा मी डाव्या हाताने गाळला आणि अर्धा सांडला.

आजोबा गेले ते पुढच्या वर्षी, छातीत पाणी होऊन. शेवटच्या दिवसांत डॉक्टर घरी यायचे, तरुण होते बिचारे. नळी लावायला वाकले की आजोबांचा अंगठा वर उठायचा, पण पोचायचा नाही, अर्ध्या वाटेत खाली पडायचा. शेवटच्या दुपारी मी जवळ बसलो होतो. त्यांनी माझं उजवं मनगट धरलं, हाड जिथे वेडंवाकडं जुळलंय तिथे अंगठा ठेवला आणि दाबला. मला दुखलं. मी हात काढून घेतला नाही.  मला खूप रडायला येत होतं आणि मी रडलो.

त्या वर्षीची राखण आली. गाऱ्हाणं कोण घालणार? वडिलांनी घालायचं, पण त्यांचा जबडा तिरका जुळला होता, शब्द तोंडातच फिरायचे. वडिलांनी मला पुढे ढकललं. चिंचेखाली सगळी वस्ती जमली होती. सुऱ्याही होता. तो आता रिक्षा चालवायचा. बायको कडेवर मूल घेऊन मागे उभी होती. मी त्याला माफ केलेलं नव्हतं, आजही केलेलं नाही. वडील अजून भात कुस्करून खायचे.

मी गाऱ्हाणं घातलं. मालवणी माझ्या तोंडात नीट बसत नव्हती, पण लोकांनी साथ दिली. मागणी संपली. सगळे कोंबड्याकडे बघायला लागले. मी थांबलो, आणि मग म्हणालो, "आणि जो कोण पोरगो परमुलखात पडलो आसा, तेका तेच्या घरची वाट दाखय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

त्यात सुऱ्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. शाळेत प्रार्थनेला माझ्या शेजारीच उभा असायचा, आवाज ओळखता येतो.

मग कोयता माझ्या हातात दिला. मुठीत तो राहीना. तीन बोटं वळत नव्हती, दोनदा घसरला. वडिलांच्या हाताला आता कापरं भरायचं. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कोंबडा फडफडत होता. तेव्हा सुऱ्या गर्दीतून पुढे आला आणि माझ्यासमोर कोयत्यासाठी हात पुढे करून उभा राहिला. 

कोयता माझ्या हातात होता, पातं त्याच्या बाजूला. त्याच्या शर्टाची खालची दोन बटणं उघडी होती. बरगड्या जिथे वळतात ती जागा माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि श्वासाबरोबर वरखाली होत होती. मी तिच्याकडे बघितलं. मग कोयता फिरवून मूठ त्याच्याकडे केली, आणि वर त्याच्या तोंडाकडे बघितलं.